सर्व्हरला तुमची भाषा येत नाही, आणि तेच बरंय

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंधेरीतलं छोटं ऑफिस, एकच भाड्याचा लिनक्स सर्व्हर, त्यावर जुनी साइट पीएचपीमध्ये, नवीन मोबाइल अॅपचा एपीआय, म्हणजे अॅप ज्याच्याशी बोलतं तो मागचा प्रोग्राम, पायथनमध्ये आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर जावामध्ये. सिनियर म्हणतात प्रत्येक भाषेला वेगळा वेब सर्व्हर लागतो, म्हणून तीन सर्व्हर भाड्याने घ्या. आणि तुम्ही विचारताय की कुठल्याही भाषेबरोबर चालेल असा एखादा ओपन सोर्स वेब सर्व्हर आहे का.

आहे. एक नाही, चार-पाच आहेत, आणि त्यातला एखादा बहुतेक तुमच्या मशीनवर आत्तासुद्धा चालू असेल. मी गेली १८ वर्षं हेच काम करतेय, त्यातली पहिली चार-पाच मीसुद्धा तुमच्या सिनियरांसारखीच बोलायचे, त्यामुळे त्यांना हसत नाहीये. पण "कुठला सर्व्हर पायथन सपोर्ट करतो" असं विचारलं की उत्तर कायम वाकडंच मिळतं. विचारायचं असं, की माझा प्रोग्राम बाहेरच्याशी कुठल्या पद्धतीने बोलतो.

आमच्या दादरच्या ऑफिसखाली एक उडुपी हॉटेल आहे, तिथे काउंटरवर जे अण्णा बसतात ते आमच्याशी मराठीत, शेजारच्या दुकानदाराशी गुजरातीत आणि आतल्या भटारखान्याशी तुळूत बोलतात. पण खरं सांगायचं तर त्यांना एवढ्या भाषा यायची काही गरज नाही, कारण ऑर्डर आत जाते ती चिठ्ठीवर, "२ साधा, १ म्हैसूर, टेबल ७". आत कोण उभा आहे, तो उडुपीचा आहे का बिहारचा, याने चिठ्ठीला फरक पडत नाही. वेब सर्व्हरचं काम अण्णांचं. दारातली गर्दी सांभाळायची, चिठ्ठी आत द्यायची, ताट बाहेर आणायचं. चिठ्ठीचा नमुना एकदा ठरला की स्वयंपाकी कुठलाही ठेवा.

हा नमुना पहिल्यांदा ठरला १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरसाठी, आणि त्याचं नाव सीजीआय. पद्धत एकदम साधी होती, मला अजूनही आवडते. ब्राउझरकडून विनंती आली की सर्व्हर तुमचा प्रोग्राम सुरू करणार, विनंतीची माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सुरू होतानाच मिळणाऱ्या नाव लावलेल्या कप्प्यांत, भरणार, फॉर्ममध्ये भरलेलं काही असेल तर ते स्टँडर्ड इनपुटवर देणार, आणि प्रोग्राम स्टँडर्ड आउटपुटवर जे छापेल ते ब्राउझरला परत. बस. सी, पर्ल, शेल स्क्रिप्ट, काहीही चाललं. वाचता आणि छापता येणारी कुठलीही भाषा वेबवर चालते हे तेव्हाच सिद्ध झालं, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तसं तीस वर्षांपेक्षा जुनं आहे.

लोचा हा की प्रत्येक विनंतीला नवीन प्रोसेस. म्हणजे प्रत्येक डोशाला नवीन स्वयंपाकी कामावर ठेवायचा आणि डोसा झाला की घरी पाठवायचा. दिवसाला शंभर माणसं येतात तिथे कोणाला कळतही नाही, दुपारी एकला रांग लागली की सगळं ठप्प. शिवाय बाहेरून आलेला मजकूर सरळ व्हेरिएबलमध्ये जातो, त्याचे चटके नंतर बसले. २०१४ मध्ये लिनक्सवर आज्ञा चालवणाऱ्या बॅश शेलमध्ये शेलशॉक नावाचं भोक सापडलं तेव्हा सीजीआयवाले सर्व्हर सगळ्यात आधी सापडले, कारण ब्राउझरने स्वतःचं नाव म्हणून पाठवलेली ओळ थेट बॅशच्या हातात पडत होती. २०१६ मध्ये एचटीटीपॉक्सी नावाचं दुसरं भोक आलं. तिथे तर कोणी "प्रॉक्सी" नावाचा हेडर, म्हणजे विनंतीबरोबर जाणारी माहितीची ओळ, पाठवला की सीजीआयच्या नियमाप्रमाणे त्याचं "एचटीटीपी_प्रॉक्सी" व्हेरिएबल व्हायचं, आणि प्रोग्रामला वाटायचं बाहेर जायचा रस्ता हाच. नियम पाळूनच घात.

मग लोकांनी दुसरं टोक गाठलं, भाषाच सर्व्हरच्या पोटात घातली. अपाची सर्व्हर १९९५ पासूनचा, त्यात मॉड्यूल लावायची सोय, मग मॉड-पर्ल आलं, मॉड-पीएचपी आलं. म्हणजे अण्णांनीच काउंटरवर तवा मांडला. वेगात झकास, आणि सेटिंग काहीच नाही, फाइल टाकली की चालू. अख्ख्या देशात स्वस्त होस्टिंग जे फोफावलं ते यावरच, आणि प्रत्येक भाषेला वेगळा सर्व्हर लागतो ही समजूतही मला वाटतं तिथूनच आली, कारण पीएचपी म्हणजे अपाची असंच सगळे शिकले, मीसुद्धा.

याचं बिल मला कसं भरावं लागलं ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या निकालाची साइट आमच्याकडे होती, नाव नको. मशीन ४ जीबी मेमरीचं. अपाचीची मर्यादा १५० प्रोसेसची, लिनक्सबरोबर आली तशीच ठेवलेली, मी हात लावला नव्हता. प्रत्येक प्रोसेसच्या पोटात अख्खं पीएचपी, म्हणजे एकेक साधारण ५० एमबी. आता गुणाकार करा, १५० गुणिले ५० म्हणजे ७५०० एमबी, आणि घरात आहेत ४०००. रोज दहा-बारा प्रोसेस चालायच्या म्हणून हा गुणाकार करावा असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजून दोन मिनिटांनी मशीन स्वॅपमध्ये गेलं, म्हणजे मेमरी संपली म्हणून डिस्कवर लिहायला लागलं, आणि मला साधं लॉगिन करायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते म्हणून आकडा लक्षात आहे.

पण त्या दिवशी जे खरं शिकायला मिळालं ते वेगळंच. आत जाऊन बघितलं तर बहुतेक प्रोसेस काहीच काम करत नव्हत्या! निकालाचं पान तयार करायला एक दशांश सेकंदसुद्धा लागत नव्हता. त्या ताटकळत होत्या समोरच्या फोनने पान पूर्ण उतरवून घ्यायची वाट बघत. तेव्हा डोंबिवलीहून येणाऱ्या फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून यायच्या, आणि तिथे फोनचं काय व्हायचं ते जुन्या प्रवाशांना माहिती आहे. गाडी बोगद्यात शिरली, नेटवर्क गेलं, आणि इकडे आमची ५० एमबीची प्रोसेस हातात ताट धरून उभी, गिऱ्हाईक बोगद्यातून बाहेर येईपर्यंत. अशी दीडशे ताटं. स्वयंपाकीच जर वाढपी असेल तर हेच होणार.

त्या रात्री काय केलं तर पुढे इंजिनएक्स नावाचा दुसरा वेब सर्व्हर लावला आणि अपाचीला मागे ढकलला, मर्यादा ४० वर आणली. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर गर्दी तशीच होती आणि मी चहा पीत बसले होते.

हा इंजिनएक्स इगोर सिसोयेव्ह या रशियन माणसाने लिहिला, तेव्हा तो रॅम्बलर नावाच्या तिथल्या मोठ्या साइटवर सिस्टिम सांभाळायचा. २००२ ला लिहायला घेतला आणि २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्या काळात "एका मशीनवर एका वेळी दहा हजार कनेक्शन कशी धरायची" हा प्रश्न गाजत होता, इंजिनएक्स हे त्याचं एक उत्तर. एका कनेक्शनला एक प्रोसेस अशी भानगडच नाही. मोजक्या वर्कर प्रोसेस, साधारण जितके कोअर तितक्या, आणि प्रत्येक वर्कर हजारो कनेक्शनवर एकदम नजर ठेवतो, ज्याच्यात हालचाल झाली तेवढंच बघतो. रिकामी उघडी पडलेली १०,००० कनेक्शन धरायला सुमारे २.५ एमबी मेमरी पुरते असं त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रात आहे. माझ्या दीडशे ताटांशी ताडून बघा.

आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की इंजिनएक्सच्या पोटात पीएचपी जात नाही, पायथन नाही, जावाही नाही. तो फक्त चिठ्ठी देतो. पीएचपीसाठी ती चिठ्ठी फास्टसीजीआयची, म्हणजे सीजीआयचीच माहिती पण स्वयंपाकी कायम कामावर. पीएचपी-एफपीएम हे त्याचंच रूप, २०१० मध्ये पीएचपी ५.३.३ पासून ते पीएचपीबरोबरच येतं. बाकी भाषांसाठी चिठ्ठी म्हणजे सरळ एचटीटीपी. ब्राउझर सर्व्हरशी जे बोलतो तेच सर्व्हर पुढे तुमच्या प्रोग्रामशी बोलतो, आणि यालाच रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात, एवढंच.

इथे जरा आडवळण घेते, कारण हा किस्सा फार लोकांना माहीत नसतो. झेड शॉ या माणसाने रुबी या भाषेसाठी मॉन्ग्रेल नावाचा छोटा सर्व्हर लिहिला होता. रुबीवाले तोवर फास्टसीजीआयशी झगडून वैतागले होते, याने सांगितलं की ते सोडा, प्रोग्रामलाच एचटीटीपी बोलू दे, पुढे कुठलाही सर्व्हर लावा. चाललं, आणि जोरात चाललं. मग २०१० मध्ये त्यानेच मॉन्ग्रेल-२ आणला, आणि "कुठल्याही भाषेसाठी वेब सर्व्हर" हे त्याचं घोषवाक्य म्हणावं इतकं उघड ध्येय होतं. त्यात चिठ्ठी जायची झिरोएमक्यू या मेसेजच्या लायब्ररीतून, सेटिंग साध्या फाइलऐवजी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये. डोकं चांगलंच लावलं होतं, मी हौसेने दोन शनिवार घालवलेत त्यावर. पण रुळला नाही, आणि माझ्या मते कारण सरळ आहे. झिरोएमक्यू प्रत्येक भाषेत आधी बसवावं लागतं, एचटीटीपी प्रत्येक भाषेत आधीच बसलेलं असतं. नवीन भाषा निघाली की तिचा पहिला नाही तर दुसरा कार्यक्रम एचटीटीपी सर्व्हर लिहायचा असतो. चिठ्ठी सगळ्यांना आधीपासून वाचता येत असेल तर नवीन चिठ्ठी कोण छापणार. इंजिनएक्सवाल्यांनीही पुढे युनिट नावाचा सर्व्हर काढला, जो पीएचपी, पायथन, जावा सगळं स्वतःच चालवायचा, तुमच्या प्रश्नाला नावाने जुळणारा तोच. पण त्याचं काम आता बंद करून ठेवलंय, नवीन कामाला घेऊ नका.

आता तुमचं मशीन. पुढे इंजिनएक्स, ८० आणि ४४३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचा नंबर दिलेला दरवाजा) फक्त तो. पीएचपीसाठी एफपीएम, युनिक्स सॉकेटवर, म्हणजे पोर्टऐवजी त्याच मशीनवरच्या एका खास फाइलमधून. पायथनचा प्रोग्राम चालवायला गनिकॉर्न, पोर्ट ८०००. जावाचा प्रोग्राम चालवायला टॉमकॅट, पोर्ट ८०८०. शेवटचे दोन १२७.०.०.१ वरच, म्हणजे फक्त याच मशीनचं, ऐकतील असं बघा, ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या जगाचं, नको, नाहीतर अण्णांना वगळून लोक थेट भटारखान्यात शिरतील. डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात बंद करून चालवायची सोय, वापरत असाल तर जास्तच जपा, डॉकरने बाहेर काढलेला पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलला न जुमानता उघडा राहतो, यात भलेभले फसलेत. फोटो, सीएसएस वगैरे इंजिनएक्सलाच द्यायला सांगा, त्यासाठी पायथनला उठवू नका.

इंजिनएक्सच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी_पास, म्हणजे विनंती पुढे कुठे पाठवायची ती ओळ, लिहिताना शेवटच्या तिरक्या रेघेकडे लक्ष द्या. लोकेशन "/एपीआय/" असं आहे आणि प्रॉक्सी_पासमध्ये पोर्ट ८००० नंतर काहीच लिहिलं नाही तर पायथनला "/एपीआय/ऑर्डर" असा पूर्ण पत्ता जातो. तिथेच ८००० नंतर एक तिरकी रेघ दिलीत तर "/एपीआय/" कापला जाऊन नुसतं "/ऑर्डर" जातं. दोन्ही बरोबर आहे, तुमच्या प्रोग्रामला कुठलं हवंय त्यावर अवलंबून. पण एका रेघेपायी सगळीकडे ४०४ येतं आणि माणूस दिवसभर पायथनचा कोड चाळत बसतो, असे मी निदान सात-आठजण सोडवलेत.

५०२, म्हणजे मागच्या प्रोग्रामकडून धड उत्तर न आल्याचा एरर, आला की सर्व्हर रीस्टार्ट करायची आपली जी सवय आहे ती मोडा, आधी एरर लॉग वाचा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे मागचा प्रोग्राम चालूच नाही किंवा पोर्ट चुकला. "परमिशन डिनाइड" म्हणजे सॉकेटची फाइल उघडायची इंजिनएक्सला परवानगी नाही, किंवा रेड हॅट घराण्यातलं लिनक्स असेल तर एसई-लिनक्स हे त्याचं सुरक्षेचं कुलूप आडवं आलंय, तिथे "एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट" चालू करावं लागतं. एक गंमत अशी की इंजिनएक्स मागच्याची वाट ६० सेकंद बघतो आणि मग ५०४, म्हणजे वेळ संपल्याचा एरर, देतो, पण गनिकॉर्न स्वतःच्या अडकलेल्या वर्करला ३० सेकंदांतच मारून टाकतो, त्यामुळे रिपोर्ट हळू असला तरी तुम्हाला ५०४ न दिसता ५०२ दिसतो आणि तुम्ही भलतीकडेच शोधता. इंजिनएक्सचा वेळ ३०० करून काही होत नाही मग, कारण मरतंय मागचं.

अजून दोन गोष्टी तुम्हाला पहिल्या आठवड्यातच भेटतील. एक, अॅपमधून फोटो चढवला की ४१३, म्हणजे पाठवलेलं फार मोठं असल्याचा एरर. इंजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठं काही आत घेत नाही आणि आजकाल फोनचा एक फोटो ४-५ एमबीचा, तेव्हा "क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ" वाढवा. दोन, तुमच्या लॉगमध्ये सगळी गिऱ्हाइकं १२७.०.०.१ वरून आलेली दिसतील, कारण प्रोग्रामच्या दारात कायम इंजिनएक्सच उभा असतो. खरा पत्ता, मूळ होस्टचं नाव आणि विनंती एचटीटीपीएसवरून आली का साध्या एचटीटीपीवरून, हे तिन्ही हेडरमधून पुढे पाठवावं लागतं. तिसरं विसरलात तर प्रोग्राम म्हणतो सुरक्षित पत्त्यावर जा, इंजिनएक्स परत साधी चिठ्ठी देतो, तो परत म्हणतो सुरक्षित पत्त्यावर जा, आणि ब्राउझर शेवटी हात टेकतो. आणि पत्त्याचा हेडर बाहेरून कोणीही खोटा भरून पाठवू शकतो, म्हणून जो तुमच्या इंजिनएक्सने लिहिलाय तेवढ्यावरच विश्वास.

बदल केला की आधी "इंजिनएक्स -टी" ही सेटिंग तपासायची आज्ञा, मग रीलोड. जुनी कनेक्शन न तोडता नवीन सेटिंग लागतं, गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही.

इंजिनएक्सच का, असं विचाराल तर सवयीने. अपाचीसुद्धा हे सगळं करतो, त्याचा ईव्हेंट प्रकार (एका कनेक्शनला एक प्रोसेस न अडकवणारा) आणि एफपीएम लावलंत तर माझं निकालाचं रडगाणं त्याला लागू नाही, आणि जुन्या साइटमध्ये एचटीअॅक्सेसचे, म्हणजे अपाचीच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या सेटिंगच्या फाइलींचे, ढीगभर नियम असतील तर अपाचीच ठेवा, उगाच भाषांतर करत बसू नका. कॅडी २०१५ पासूनचा, गो भाषेत लिहिलेला, त्याचं मोठं सुख म्हणजे एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट तो स्वतः आणतो आणि मुदत संपायच्या आत स्वतः बदलतो. जिथे सर्व्हरकडे बघायला कायम माणूस नाही अशा ऑफिसला मी हल्ली कॅडीच सांगते, तीन प्रोग्रामचं सेटिंग दहा-बारा ओळींत बसतं. आणि तुमच्याकडे इंजिनएक्स येणारं कोणी नसेल तर माझा सल्ला तुम्हालाही तोच, वर लिहिलेलं कोण कुठे ऐकेल ते सगळं तसंच राहील.

फुकट आणि खुलं याबद्दल एक शब्द. इंजिनएक्स बीएसडी परवान्याखाली, अपाची आणि कॅडी अपाची परवान्याखाली, धंद्यासाठी वापरायला तिन्हींना पैसे नाहीत. पण इंजिनएक्सची कंपनी २०१९ मध्ये एफ५ या अमेरिकन कंपनीने घेतली, आणि त्याची एक पैसेवाली आवृत्तीही आहे. मागचा प्रोग्राम जिवंत आहे का हे स्वतःहून ठराविक वेळाने विचारत राहणं, ही सोय त्या पैसेवाल्यात, फुकटच्यात गिऱ्हाइकाची विनंती फसल्यावरच त्याला कळतं. कॅडी आणि एचएप्रॉक्सी या दुसऱ्या खुल्या प्रॉक्सीत ती फुकट आहे. २०२४ मध्ये इंजिनएक्सच्या जुन्या मुख्य प्रोग्रामरपैकी एक, मॅक्सिम दुनिन, एफ५ शी न पटल्यामुळे बाहेर पडला आणि त्याने फ्रीइंजिनएक्स नावाने वेगळी चूल मांडली. तुमच्या तीन प्रोग्रामना यातलं काहीच जाणवणार नाही, कारण पुढचा सर्व्हर बदलला तरी ते एचटीटीपी आणि फास्टसीजीआयच बोलत राहणार.

राहिलं जावा. तुमचे सिनियर बहुतेक टॉमकॅट आणि अपाची एजेपीने जोडायच्या जमान्यातले असतील, ती टॉमकॅटची खास चिठ्ठी, पोर्ट ८००९. २०२० मध्ये त्यात घोस्टकॅट नावाचं भोक सापडलं, पोर्ट बाहेरून उघडा असेल तर आतल्या फाइली वाचता येत होत्या. जुन्या टॉमकॅटमध्ये तो मुळातच चालू असायचा, आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर म्हणजे एकदा बसवलं की कोणी हात न लावणारी जागा. तेव्हा सर्व्हर कुठला घ्यायचा ते सोमवारी ठरवा, पण आज घरी जायच्या आधी टॉमकॅटची सेटिंगची फाइल सर्व्हर.एक्सएमएल उघडून ८००९ ची ओळ चालू आहे का बघा, असेल तर बंद करा. एचटीटीपीने जोडल्यावर तिचा काही उपयोग उरत नाही.